मर्क्युरीचे एकट्याचे गाणे



या मांडवात गेली चाळीस वर्षे मी आपल्याबरोबर समोरच्या बाजूला बसत आलो आहे. आज प्रथमच माइकच्या बाजूला उभा आहे, आणि इथून मांडव वाटतो त्यापेक्षा बराच मोठा दिसतो. चालकांनी मला जेव्हा म्हटले की, "मास्तर, यंदा एक दिवस तुम्ही घ्या," तेव्हा मी गणिताविषयी काही बोलेन अशी त्यांची समजूत असावी. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? मी विषय कळवला तेव्हा दोन दिवस त्यांच्याकडून उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'ठीक आहे' म्हणून कळवले, याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे.

विषय असा आहे : इंग्लंडातील 'क्वीन' या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने १९८५ साली आपल्या साथीदारांवाचून, एकट्याने, आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तिचे नाव 'मिस्टर बॅड गाय'. या एका मुद्रिकेवर तासभर काय बोलावयाचे, आणि ते इथे, या व्यासपीठावर का बोलावयाचे, असा प्रश्न पुढच्या रांगेतील काही ज्येष्ठ मंडळींच्या चेहऱ्यावर मला आत्ताच दिसतो आहे. त्यांना मी एवढेच सांगतो की, इथून पसरणीचा घाट चढून गेले की लागणाऱ्या पाचगणीत या गृहस्थाने आपल्या आयुष्यातील आठएक वर्षे काढली. आपल्यापैकी ज्यांचे वय आज पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढे आहे, त्यांनी पाचगणीच्या बाजारात एखाद्या रविवारी शाळेच्या रांगेतून जाणारा पुढच्या दातांचा एक सावळा पारशी मुलगा पाहिलाही असेल. तोच हा.

त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार बेटावर. वडील तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. घराणे मूळचे गुजरातेतील बलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. वयाच्या आठव्या वर्षी मुलाला बोटीत बसवून मुंबईमार्गे पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत धाडले. आठ वर्षांचे पोर आणि मध्ये समुद्र! शाळेत तो पियानो शिकला, आणि तिथेच चार मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा एक बँड केला. या बँडमधली एक गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी : मुख्य गायक तो नव्हताच. गाणारा मुलगा दुसरा होता. हा मागे बसून पियानो वाजवी आणि कोरसात आवाज मिसळी. पुढे १९६३ साली तो झांझिबारला परतला, १९६४ च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली, आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेले. लंडनजवळच्या फेल्टम गावी त्यांनी बिऱ्हाड केले. मुलगा चित्रकलेच्या कॉलेजात गेला. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांना त्यांचा गायक सोडून गेल्यावर गायकाची गरज पडली, आणि हा त्यांना मिळाला. १९७१ साली चौथा, जॉन डीकन, आला. एवढे चरित्र पुरे.

मी पहिल्यांदा हा आवाज ऐकला तो पाचगणीतच, १९७८ च्या मे महिन्यात. माझी आत्या एका पारशी डॉक्टरांच्या घरी स्वयंपाकाला होती, आणि सुटीत मी तिच्याकडे गेलो होतो. डॉक्टरांच्या मुलाच्या खोलीतून एकदम असा काही आवाज आला की, मी हातातली पाण्याची बादली तशीच ठेवून जिन्यात उभा राहिलो. गाणे 'बोहेमियन रॅप्सडी' होते. १९७५ साली निघालेले, सहा मिनिटांच्या जवळपास चालणारे ते गाणे इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, हे सारे मला पुढे कळले. तेव्हा एवढेच कळले की, एकाच गाण्यात एक माणूस आधी हळूच रडतो आहे, मग शंभर माणसे भांडत आहेत, आणि मग कुणीतरी दार लाथेने उघडले आहे. इंग्रजी मला चौथीच्या वाचनमालेपुरतेच येत होते म्हणा ना! तेव्हापासून मी त्याचा चाहता. गंमत अशी की, तो याच गावी शिकला हे त्या डॉक्टरांच्या मुलालाही ठाऊक नसावे. मला तरी ते १९९१ साली त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्तमानपत्रांतून कळले.

आता 'क्वीन' म्हणजे काय होते, हे थोडे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ते चौघेही गाणी रचीत. 'वुई विल रॉक यू' मेचे, 'वुई आर द चॅम्पियन्स' मर्क्युरीचे, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्या अबोल डीकनचे, 'रेडिओ गागा' टेलरचे. म्हणजे आपल्याकडच्या नाटकमंडळीत एक नट, एक कवी आणि बाकी सारे पगारी, असा प्रकार तिथे नव्हता. ब्रायन मेची गिटार त्याने किशोरवयात वडिलांच्या मदतीने घरी तयार केलेली. तिच्या मानेचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. या गिटारीचा सूर जगात दुसऱ्या कुठल्या गिटारीला नाही. टेलरचा गळा ड्रमच्या मागे बसूनही इतका उंच चढे की, नवखा श्रोता तिथे एखादी बाई गाते आहे असे समजे. मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघे आपले आवाज एकावर एक पुन्हा पुन्हा मुद्रित करीत, आणि त्यातून तो प्रसिद्ध मेळा उभा राही. सत्तरच्या दशकातील त्यांच्या मुद्रिकांच्या वेष्टणावर ते मोठ्या अभिमानाने छापीत की, यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. जे ऐकाल ते हाताचे आणि गळ्याचे. १९८० साली हा नेम त्यांनीच मोडला, पण त्यामागची वृत्ती एकदम गेली नाही.

या चौघांपैकी एकट्याने मुद्रिका काढणारा मर्क्युरी काही पहिला नव्हता. टेलरने १९८१ साली आपली काढली होती, मेने १९८३ साली काही बाहेरच्या मंडळींना घेऊन एक छोटीशी केली होती. त्यांबद्दल कुणी फारसे काही म्हटले नाही. गायकाची गोष्ट वेगळी असते. ड्रम वाजवणारा चार दिवस बाहेर जाऊन आला तर लोक म्हणतात, हौस असेल. गाणारा बाहेर गेला की लोक म्हणतात, घर मोडले!

ही मुद्रिका म्युनिकमध्ये तयार झाली. तिथे एका उंच हॉटेलच्या तळघरात 'म्युझिकलँड' नावाचा स्टुडिओ होता. त्यात १९८३ पासून १९८५ च्या आरंभापर्यंत, क्वीनच्या कामातून वेळ मिळेल तसा, मर्क्युरी हे काम करीत होता. बरोबर राइनहोल्ड माक हा ध्वनिमुद्रक होता. हाच माक क्वीनच्याही मुद्रिकांना १९८० पासून होता, तेव्हा फरक पडला तो निर्मात्यामुळे पडला असे म्हणण्याची सोय नाही. गिटार पॉल व्हिन्सेंटची, ड्रम कुर्ट क्रेसचे, कीबोर्डवर फ्रेड मँडेल. सगळे आपापल्या कामात वाकबगार. अकरा गाणी, अकराही मर्क्युरीने स्वतः रचलेली, सगळी मिळून चाळीसएक मिनिटे. २९ एप्रिल १९८५ रोजी ती बाहेर पडली आणि इंग्लंडात सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. अमेरिकेने तिच्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही.

वेष्टणावर काळा चष्मा लावलेला मर्क्युरी आहे. आत त्याने ही मुद्रिका आपल्या मांजराला अर्पण केली आहे. जेरी नावाच्या मांजराला, शिवाय टॉम, ऑस्कर आणि टिफनी या इतर मांजरांना, आणि विश्वातील सर्व मांजरप्रेमींना. बाकीच्या जगाला मात्र त्याने जे सांगितले आहे ते मला या व्यासपीठावरून सांगता येत नाही. (हशा.) आणि आणखी एक ओळ आहे : ब्रायन, रॉजर आणि जॉन या तिघांचे त्याने खास आभार मानले आहेत, ते कशासाठी, तर त्यांनी यात ढवळाढवळ केली नाही म्हणून! ही थट्टा आहे हे उघड आहे. पण थट्टेला निमित्त लागतेच. मी ती ओळ अनेक वर्षे टोमणा म्हणून वाचली.

ही कॅसेट माझ्या हाती आली १९८५ च्या दिवाळीत. माझ्या एका मित्राचा मामेभाऊ आखातात नोकरीला होता, त्याने ती आणली. आता या मित्राविषयी मला बोलले पाहिजे, कारण या मुद्रिकेबद्दल मी दिलेला निकाल त्याला भोवला. त्याची परवानगी घेऊनच मी हे सांगतो आहे. तो तेव्हा एका ऑर्केस्ट्रात गात असे. ते दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील : गणपती, नवरात्र, साखर कारखान्यांचे समारंभ, जत्रा, सगळीकडे ऑर्केस्ट्रा. बारा-पंधरा माणसे, एका ट्रकमध्ये ड्रम आणि स्पीकर, निवेदक विनोद सांगतो आहे, आणि आमचा मित्र एका रात्रीत आठ वेगवेगळ्या गायकांच्या आवाजांत गातो आहे. गळा सुरेख होता. त्याच्या मनात होते की, आपण यातून बाहेर पडावे, पेटी-तबल्यावर स्वतःच्या चालींचा दीड तासाचा कार्यक्रम करावा. चार-पाच चाली त्याने बांधल्याही होत्या. त्याने मला विचारले, "तुला काय वाटते?"

आम्ही ती कॅसेट त्याच्या माळ्यावरच्या खोलीत बसून ऐकली. पहिलेच गाणे सुरू झाले आणि माझा चेहरा उतरला. ठोका यंत्रासारखा, कडक, सरळ. सिंथेसायझरचा चकचकीतपणा. नाचघरातले संगीत. जिथे म्हणून मेच्या गिटारीने उत्तर द्यावे अशी जागा येई, तिथे काहीच येत नसे, किंवा आलेच तर एखादी सभ्य, पगारी गिटार येई. मागचा कोरस ऐकला तर तोही मर्क्युरीचाच, त्याचाच आवाज घडीवर घडी घालून ठेवलेला. टेलरची ती आकाशात चढणारी रेघ नाही, मेचा तो थोडा खरबरीत खालचा सूर नाही. एका माणसाने आरशांच्या खोलीत उभे राहून स्वतःशीच समूहगान करावे तसे मला झाले. कॅसेट संपली तेव्हा मी मित्राला म्हणालो, "बघ. एवढा मोठा गळा. साथ सुटली की काय होते ते बघ. तू कोण लागून गेलास?"

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मला आवडली रे." मी हसलो.

तो ऑर्केस्ट्रात राहिला. पुढे चार-पाच वर्षांत कॅसेटी, दूरदर्शन आणि व्हिडिओ यांनी ऑर्केस्ट्राचे काय केले ते आपण पाहिलेच. ट्रक विकला गेला. मित्र एका कचेरीत कारकून म्हणून लागला, आणि तिथूनच निवृत्त झाला. त्या चालींचे काय झाले, हे मी त्याला कितीतरी वर्षे विचारले नाही.

माझ्या निकालाला पुढे पुरावेही मिळत गेले, हे त्यातले दुर्दैव. ही मुद्रिका निघाल्यावर अडीच महिन्यांनी, १३ जुलै १९८५ रोजी, लंडनच्या वेंब्ली मैदानात 'लाइव्ह एड'चा तो प्रचंड कार्यक्रम झाला. क्वीनला वीसएक मिनिटे मिळाली होती, आणि त्या वीस मिनिटांत मर्क्युरीने बहात्तर हजारांच्या मैदानाला एखाद्या वर्गासारखे हाताशी धरले. मी ते पुढे व्हिडिओवर पाहिले. बत्तीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाने ते पाहावे आणि आपला राजीनामा लिहावा! त्या वीस मिनिटांत 'मिस्टर बॅड गाय'मधले एकही गाणे त्याने म्हटले नाही. पुढेही या गाण्यांचा दौरा त्याने कधी काढला नाही. मी मित्राला म्हटले, पाहिलेस? स्वतःचे पोर स्वतःच मैदानात आणले नाही.

आणि मग १९९५. मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सने गेला; आपल्याला हा रोग असल्याचे त्याने आदल्याच दिवशी जगाला सांगितले होते. त्यानंतर चार वर्षांनी उरलेल्या तिघांनी 'मेड इन हेवन' नावाची मुद्रिका काढली, आणि तीत या जुन्या मुद्रिकेतील दोन गाणी घेतली : 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू'. आवाज १९८५ चा, तोच. खालची वाद्ये काढून टाकून तिथे मेची गिटार, टेलरचे ड्रम, डीकनचा बेस. मी ती दोन्ही रूपे एकामागून एक ऐकली. 'मेड इन हेवन'च्या बाबतीत तर वादच नाही. जुन्या रूपात जे गाणे एखाद्या सुंदर पण रिकाम्या दिवाणखान्यासारखे वाटे, त्याला आता छत आले, खांब आले. माझे जुने मत मला पुन्हा नव्याने पटले. साथीदार म्हणजे काय ते इथे ऐका, असे मी भेटेल त्याला सांगत असे.

इथवर मी माझ्या बाजूचा खटला मांडला. तो खोटा आहे असे मी आजही म्हणणार नाही. पण तो अपुरा आहे, आणि का अपुरा आहे ते मला उशिरा कळले.

गेल्या वर्षी दिवाळीत मित्राकडे गेलो होतो. निवृत्तीनंतर त्याने माळा आवरला आणि ती कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला होता. आम्ही पुन्हा ऐकायला बसलो, आणि या वेळी त्याने मला एक अट घातली : "बाजूला काय नाही ते ऐकायचे नाही. जे आहे ते ऐक." गणिताच्या मास्तराला ही अट अवघड नसावी, पण तशी ती अवघड गेली.

ऐकल्यावर जे वाटले ते सांगतो. या मुद्रिकेतील निम्मी गाणी आजही मला सामान्य वाटतात. पहिले, नाचाचे, ते उत्साही आहे, एवढेच. 'फूलिन अराउंड' नसते तर काही बिघडले नसते. 'माय लव्ह इज डेंजरस' हे गाणे जमैकाच्या रेगे ढंगात सुरू होते आणि मध्येच उसळते, पण उसळून कुठे जावे ते त्याला ठरवता आलेले नाही. आणि एकूणच ठोक्याचा तो कडकपणा, तो त्या दशकाचा रोग होता. २०१९ साली या मुद्रिकेचे ध्वनिमिश्रण नव्याने करून ती पुन्हा काढली, तेव्हा आवाज पुष्कळ मोकळा झाला, हे खरे. पण मूळ बांधणी ती राहिलीच.

परंतु उरलेल्या निम्म्यात असे काही आहे की जे क्वीनमध्ये होऊ शकले नसते. शीर्षकाचेच गाणे घ्या. त्यात पूर्ण वाद्यवृंद आहे : व्हायोलिने, पितळी वाद्ये, सारा सरंजाम. क्वीनच्या तोवरच्या गाण्यांत असा वाद्यवृंद क्वचितच आला होता, कारण वाद्यवृंदाचे काम मेची गिटार आणि त्या तिघांचे गळे करीत. इथे मर्क्युरी त्या वाद्यवृंदापुढे एखाद्या जुन्या संगीतिकेतील खलनायकासारखा, मिशीला पीळ देत उभा आहे आणि त्याला मजा येते आहे. हीच वाट पुढे १९८७ साली माँसेरात काबाये या स्पॅनिश ऑपेरागायिकेबरोबरच्या 'बार्सेलोना'पर्यंत गेली. ते गाणे ज्यांना आवडते, त्यांनी त्याचा हा आधीचा खर्डा ऐकावा.

'लिव्हिंग ऑन माय ओन' हे दुसरे. नावाचा अर्थच एकट्याने राहणे. वरून नाचाचे गाणे आहे. पण मध्यावर शब्द संपतात आणि तो नुसत्या अक्षरांवर गायला लागतो. आपण ज्याला बोल-अंग म्हणू त्याच्याशी याचा संबंध नाही, जॅझमधला तो प्रकार आहे. तरी आपल्या कानाला त्यात तराण्याची आठवण येतेच. शब्दांत सांगून झाले, आता सांगण्यासारखे काही उरले नाही, म्हणून निरर्थक अक्षरांवर तो धावत सुटतो. या गाण्याचे चित्रण त्याने म्युनिकमधल्या आपल्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या मेजवानीतच केले. शेकडो पाहुणे, सगळे नटलेले, आणि मधोमध हा एकटेपणाचे गाणे गातो आहे. गाणे तेव्हा फारसे चालले नाही. १९९३ साली, तो गेल्यावर पावणेदोन वर्षांनी, कुणीतरी त्याचा ठोका बदलून ते पुन्हा काढले आणि ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. जिवंतपणी एकट्याच्या कुठल्याही गाण्याने त्याला तो क्रमांक दिला नव्हता. मला मूळचेच आवडते.

यानंतर मित्राने जे म्हटले त्याने माझा १९९५ चा पुरावा उलटा झाला. तो म्हणाला, "तू म्हणतोस की त्या तिघांनी वाद्ये घातली म्हणून गाणे उभे राहिले. पण गायचा माणूस तर गेला होता. त्याला त्यांच्यासाठी पुन्हा गाता येणार नव्हते. आवाज दहा वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा. त्याच्या प्रत्येक हरकतीला, प्रत्येक श्वासाला धरून त्यांना वाजवावे लागले. एरवी गायक वाद्यांना धरून राहतो, इथे वाद्यांना गायकाला धरून राहावे लागले. तो आवाज एकटा उभा होता म्हणूनच त्यांना त्याच्या भोवती घर बांधता आले ना?" मी ऑर्केस्ट्रात कधी गायलो नाही. ज्याने पंधरा माणसांच्या आवाजात स्वतःचा आवाज वर्षानुवर्षे सांभाळला, त्यालाच हे सुचावे.

आता इथे कुणी ज्येष्ठ श्रोते म्हणतील की, आपल्याकडे बालगंधर्वही १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. हा दाखला मी स्वतःही पुष्कळदा दिला आहे, आणि तो मर्क्युरीविरुद्ध दिला आहे : बालगंधर्व बाहेर पडले ते एकटे नव्हे, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांना घेऊन, पुढे तबल्याला थिरकवाँसाहेब आले. म्हणजे मोठा गायक घर सोडताना दुसरे घर घेऊन निघतो. मर्क्युरीने हे केले नाही. त्याने पगारी वादक घेतले आणि घर सोडलेच नाही. काम झाले की तो परत त्या तिघांकडे गेला. १९८६ साली त्यांच्याबरोबर युरोपभर गायला, ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला त्याचा त्यांच्याबरोबरचा शेवटचा कार्यक्रम झाला, आणि नंतर अंगात त्राण नसताना त्यांच्याच मुद्रिकांसाठी गात राहिला. पूर्वी मला यात धरसोड दिसे. आता असे वाटते की, त्याला घर मोडायचे नव्हते, फक्त काही दिवस स्वतःचा आवाज कसा येतो ते ऐकायचे होते. हेक्टिक्समध्ये कोरसात उभे राहिलेल्या पोराची ही इच्छा एकोणचाळिसाव्या वर्षी पुरी होत असेल, तर त्याला आम्ही चाहत्यांनी हिशेब का मागावा? आभाराची ती ओळसुद्धा आता मला निराळी वाचता येते. घरातल्या माणसांशीच अशी थट्टा करता येते.

हे मला १९८५ साली वाचता आले असते, तर मी मित्राला काय सांगितले असते, हे मला माहीत नाही. त्याचा कार्यक्रम पडला असता, असेही शक्य आहे. ते त्याने पाहिले असते. मी ते त्याला पाहू दिले नाही. हे मी त्याला दिवाळीत म्हणालो. तो म्हणाला, "तू सांगितलेस म्हणून थांबलो असे तुला वाटते, हा तुझा मोठेपणा आहे. माझी छाती झाली नाही." त्याने हे मला बरे वाटावे म्हणून म्हटले असेल. मला तो हिशेब सोडवता आलेला नाही.

मुद्रिकेत एक गाणे उरले आहे, 'देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस'. माझ्या मते या अकरांतील सर्वांत चांगले. याचा इतिहासही चमत्कारिक आहे. १९८३ साली मायकेल जॅक्सनच्या लॉस एंजेलिसमधील घरी दोघांनी मिळून हे करून पाहिले होते. ते अर्धवट राहिले. मर्क्युरीने मग एकट्यानेच ते या मुद्रिकेत घेतले. २०१४ साली क्वीनच्या एका संग्रहात दोघांचे आवाज जोडून, भोवती क्वीनची वाद्ये घालून ते पुन्हा आले. तोवर दोघेही या जगात नव्हते. ते रूप भरघोस आहे, आणि मी ते दोनदा ऐकून ठेवून दिले. एकट्याच्या रूपात पियानो पुढे आहे. पाचगणीच्या शाळेत जो पियानो तो शिकला, तोच हात. गळा कुठेही फिरत नाही, जिंकायला निघत नाही. माणसांत इतका द्वेष का आहे असे एखाद्या मुलाने विचारावे तसे तो विचारतो. मेच्या गिटारीची जागा इथे मला एकदाही मोकळी वाटली नाही. मी मुद्दाम शोधली.

मी बोलायचे तेवढे बोललो. चालकांनी शेवटची पाच मिनिटे गाण्यासाठी दिली आहेत. यंत्राजवळ खुर्ची टाकून बसलेले गृहस्थ म्हणजे माझा तो मित्र, आणि कॅसेट तीच, १९८५ च्या दिवाळीची. फीत जुनी आहे, सुरुवातीला थोडी खरखर येईल ती सोसावी. आणि या गाण्यानंतर, आपली हरकत नसेल तर, तो आपली एक जुनी चाल पेटीवर म्हणणार आहे. ती मीही अजून ऐकलेली नाही.

हं, लाव रे.